सोसणे आणि टिकणे

आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी लग्न उरकून घेण्याची घाई आमच्या पनवेलच्या धर्मग्रामात दरवर्षी असते. त्यामुळे गणपती आटोपले की कचेरीबाहेरच्या बाकावर विवाहेच्छू जोडपी दिसू लागतात. कागदपत्रे पाहून झाली की विधीसाठी शास्त्रपाठ निवडण्याची वेळ येते, आणि बहुतेक जोडपी फारसा विचार न करता संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतात. प्रीतीचा अध्याय. तो सर्वांना अर्धामुर्धा पाठ असतो, आणि त्यावरचे प्रवचन आम्हालाही पाठ आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. नवीन पनवेलात वाढलेली, इंग्रजी माध्यमात शिकलेली. पण विधी मराठीत व्हावा हा तिच्या आजीचा आग्रह. मुलीने घरी बसून इंग्रजी आणि मराठी बायबलांतील तो अध्याय शेजारीशेजारी ठेवून वाचला होता. असा अभ्यास करून येणारी जोडपी विरळाच, म्हणून आम्ही कौतुकाने पाहत होतो. तिने सातव्या ओवीवर बोट ठेवले आणि विचारले, “फादर, इंग्रजीत इथे ‘एन्ड्युअर’ आहे. एन्ड्युअर म्हणजे सोसणे की टिकणे? सोसणे असेल तर मी हा पाठ घेणार नाही.”

होणारा नवरा गालातल्या गालात हसला. ती हसली नाही.

“दोन्हीही,” असे आम्ही म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते. पण प्रश्न टाळण्यासाठी दिलेले उत्तर बरोबर असले तरी ते उत्तर नव्हे. मुलीने मान हलवली आणि कागदपत्रे आवरली. तिचे समाधान झाले नव्हते. खरे तर आमचेही झाले नव्हते, आणि त्याचे कारण त्या मुलीला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. रात्री जेवण झाल्यावर आम्ही कपाटातील कोश खाली काढले.

इंग्रजीतील या क्रियापदाची गंमत अशी की ते दोन घरी नांदते. त्याला कर्म जोडले तर ते सोसते, कर्म काढून घेतले तर ते टिकते. एखादा माणूस वेदना एन्ड्युअर करतो, तेव्हा तो त्या सोसत असतो. एखाद्याची कीर्ती एन्ड्युअर करते, तेव्हा ती टिकलेली असते. मराठीने हे दोन संसार वेगळे थाटले आहेत. आपल्याकडे लोणचे टिकते, कापडाचा रंग टिकतो, मैत्री टिकते, उन्हाळ्यात झाड तग धरते. सोसते मात्र माणूस, आणि बहुधा बाईमाणूस. ‘सोशिक’ हे विशेषण आपण पुरुषाला किती वेळा लावतो, याचा वाचकांनीच विचार करावा. मराठी बायबलच्या भाषांतरकारांना या एका इंग्रजी शब्दाच्या जागी कुठे सहन करणे, कुठे धीर धरणे, कुठे टिकून राहणे अशी निरनिराळी क्रियापदे योजावी लागली आहेत. ती योजताना प्रत्येक वेळी त्यांना ठरवावे लागले, की येथे माणूस उभा आहे की वाकला आहे. इंग्रजी वाचकाला हे ठरवावे लागत नाही, त्यामुळे त्याची सोय होते आणि फसगतही होते.

हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन क्रियापद ‘इन्दुरारे’. त्याचा अर्थ कठीण करणे, कठीण होणे. ‘दुरुस’ म्हणजे कठीण. याच कुळातून इंग्रजीतील ड्युरेबल आला, ड्युरेशन आला, जुलूमजबरदस्तीसाठी वापरला जाणारा ड्युरेस आला, आणि रोजच्या बोलण्यातला साधा ड्युरिंगसुद्धा आला. मुळापाशी जावे तर आपलेच शब्द भेटतात. टिकणे या अर्थाच्या ‘दुरारे’चे नाते काही भाषापंडित संस्कृतातील ‘दूर’शी जोडतात, जे टिकते ते दूरवर जाते. ‘दुरुस’चे नाते काहीजण ‘दारु’शी लावतात, दारु म्हणजे लाकूड, देवदारातले. इंग्रजीतील झाडाचा ‘ट्री’ आणि सत्याचा ‘ट्रू’ हे शब्दही त्याच लाकडाच्या कुळातले. याविषयी पंडितांत एकमत नाही, पण लाकूड आणि अंतर या दोन कल्पना आम्हाला आवडल्या. (हे दारु ऱ्हस्व उकाराचे. दीर्घ उकाराच्या दारूचा संबंध पुढे येणार आहे.)

येथवर मजेत चालले होते. मग आमच्या ध्यानात आले की ‘इन्दुरारे’ हे क्रियापद आम्हाला कोशातून भेटण्यापूर्वीच माहीत होते. संत जेरोमच्या लॅटिन बायबलात, निर्गमाच्या ग्रंथात, फारोचे अंतःकरण कठीण झाले असे जेथे जेथे येते तेथे वारंवार हेच क्रियापद आहे. गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना ते कधीतरी वहीत उतरवून घेतले होते. म्हणजे प्रीतीच्या अध्यायातील तो इंग्रजी शब्द आणि फारोचे दगडी हृदय ही एकाच आईची लेकरे! प्रीती सर्व काही ‘एन्ड्युअर’ करते असे आम्ही शेकडो लग्नांत सांगत आलो. त्या शब्दाच्या पोटात हृदयाचा दगड होण्याची गोष्ट आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

नाही. एका बाईने सांगितले होते.

ही गोष्ट सांगण्याचे आम्ही पुष्कळ वर्षे टाळले. पुरोहितदीक्षा होऊन आम्हाला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक होतो. एका संध्याकाळी एक तरुण बाई दोन लहान मुलांना घेऊन कचेरीत आली. पापनिवेदनाला नव्हे, कचेरीत. आणि हे लिहिण्यास तिने परवानगी दिली आहे, म्हणूनच लिहीत आहोत. तिच्या डाव्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते. नवरा चांगला कमावणारा, रविवारच्या मिस्साला हजर राहणारा, आणि संध्याकाळनंतर दारूच्या अधीन. “माहेरी जाऊ का, फादर?” एवढेच तिचे विचारणे होते. ती आमची परवानगी मागत नव्हती. आपण पाप करीत नाही ना, एवढी खात्री तिला हवी होती.

आम्ही तिला सांगितले की प्रभूने क्रूस सोसला, मुलांकडे पाहून तूही थोडे सोस. संत पौलाचा तो अध्याय उघडून आम्ही ती ओवी वाचून दाखवली. तिच्यासाठी प्रार्थना केली, तिला एक जपमाळ दिली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावून समज दिली. तो रडला, गुडघे टेकून त्याने शपथ घेतली, आणि आम्ही ती खरी मानली. त्या रात्री आम्ही स्वतःवर बरेच खूश होतो. एक घर मोडता मोडता वाचवले, असे आम्हाला वाटत होते. पुढच्या वर्षी आमची बदली झाली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सणात, मेणबत्त्यांच्या दुकानांच्या गर्दीत, तिने आम्हाला ओळखले. आम्ही तिला ओळखले नाही. केस पिकले होते. मुलगा उंच, शेजारी उभा. तिने रीतीप्रमाणे आशीर्वाद मागितला आणि मग, जणू भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, म्हणाली, “तुम्ही सांगितलेत तसे मी तीन वर्षे सोसले, फादर. त्या तीन वर्षांत माझा दगड झाला. हा तापाने फणफणला तरी डोळ्यांत पाणी येत नव्हते. अजूनही मुले विचारतात, आई, तू हसत का नाहीस?” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हाला सोपे गेले असते. आम्ही काहीतरी पुटपुटलो. मग गर्दीने आम्हाला पुढे ढकलले, आणि त्या ढकलण्याबद्दल आम्ही मनातल्या मनात आभार मानले, हेही लिहिलेच पाहिजे.

कोशातील त्या पानावर बोट ठेवून बसलो असता आम्हाला हाच आवाज ऐकू आला. दगड. शिवणकाम करून मुलांना वाढवणाऱ्या त्या बाईने लॅटिनचे पुस्तक कधी पाहिलेही नसेल. पण ‘इन्दुरारे’चा अर्थ तिने आम्हाला वांद्र्याला उभ्याउभ्या सांगितला होता.

कठीण होणे म्हणजे टिकणे, ही समजूत कोठून आली असेल? लोखंडाकडे पाहून आली असावी, असे म्हणावे तर लोखंडाची साक्ष उलट आहे. कळंबोलीला पोलादाचा मोठा बाजार आहे. पण पोलादाविषयी आम्हाला शहाणे केले ते रस्त्याकडेला भाता लावून बसलेल्या एका घिसाड्याने. कोयत्याचे पाते तापवून लाल करायचे आणि पाण्यात बुडवायचे, याला पाणी देणे म्हणतात. नुसते पाणी दिलेले पाते फार कडक होते, पण दगडावर बसले की काचेसारखा त्याचा तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. मग अंगी चिवटपणा येतो आणि कोयता वर्षानुवर्षे चालतो. आमच्या डोळ्यांदेखत उलव्याची काळ्या पाषाणाची टेकडी विमानतळासाठी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथील नदीचे पात्रही वळवले. टेकडी आता नाही. नदी नव्या वाटेने खाडीला मिळते.

तेव्हा आम्ही लॅटिन मिटले आणि ग्रीक उघडले; पौल तर ग्रीकमध्ये लिहीत होता. त्या ओवीतील क्रियापद आहे ‘हुपोमेनेइन’. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनेइन’ म्हणजे राहणे. या शब्दात कडकपणाचा मागमूसही नाही. त्यात राहणे आहे, थांबणे आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू आईबापांच्या नकळत यरुशलेमेत मागे राहिला, त्या मागे राहण्यास लूकने हेच क्रियापद वापरले आहे. त्या मुलाला तेथे कोणी छळत नव्हते; तो आपल्या पित्याच्या घरी रमला होता. हिब्रू स्तोत्रांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा सत्ताविसाव्या स्तोत्राच्या शेवटी परमेश्वराची वाट पाहण्याची जी आज्ञा आहे, तेथेही हेच क्रियापद योजले गेले. वाट पाहणारा माणूस दगड नसतो. दाराशी कान लावून बसलेला असतो तो.

आणि मग मत्तयाचा दहावा अध्याय. शेवटपर्यंत जो टिकेल त्याचे तारण होईल, असे अभिवचन बाविसाव्या ओवीत प्रभू देतो, क्रियापद तेच. ही ओवी आम्ही आयुष्यभर ऐकली, मृतांच्या मिस्सांत तिच्यावर बोललो. तेविसावी ओवी मात्र तिच्याशी जोडून वाचल्याचे आम्हाला आठवत नाही. तेविसाव्या ओवीत प्रभू शिष्यांना सांगतो की एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. एका श्वासात टिकण्याची गोष्ट, दुसऱ्या श्वासात पळण्याची! प्रभूच्या लेखी त्यांत विरोधच नव्हता. ज्यांनी टिकायचे होते तेच निघून जाणार होते. त्याचे स्वतःचे बालपण तरी काय होते? हेरोदाच्या भयाने योसेफ रातोरात मायलेकांना घेऊन मिसरला निघाला. त्या तिघांना सोसण्याचा सल्ला देवदूताने दिला नाही.

कोणी म्हणेल, आणि सेमिनरीत आम्हीही म्हटले असते, की मग क्रूसाचे काय? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रभूने क्रूस सोसला असे म्हटले आहे, आणि तेथेही ‘हुपोमेनेइन’च आहे. खरे आहे, ते पुसून टाकण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटण्यासाठी त्याला नेले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात त्याच्यावर दगड उचलले गेले तेव्हा तो तेथून बाहेर पडला. क्रूस त्याने आपली घटका आल्यावर, आपल्या इच्छेने, आपल्या खांद्यावर घेतला. ज्याने त्याने आपला क्रूस उचलावा असे तो म्हणाला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादण्याचे काम त्या दिवशी रोमी शिपायांनी केले. त्या संध्याकाळी कचेरीत आम्ही कोणाच्या बाजूचे होतो, हा प्रश्न आम्ही स्वतःला अद्याप विचारतो.

अज्ञानाची सबबही आमच्याजवळ नव्हती. १९८३च्या धर्मविधीसंहितेतील ११५३ क्रमांकाचे कलम सेमिनरीत आम्ही परीक्षेसाठी घोकले होते. एका जोडीदाराकडून दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या देहाला अथवा मनाला गंभीर धोका असेल, तर दूर होण्यास ते न्याय्य कारण आहे, असे ते कलम स्पष्ट सांगते. विवाहबंध तसाच राहतो, पण एका छपराखाली राहण्याची सक्ती उरत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा देशात २००५ साली झाला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरील आपल्या २०१६च्या प्रबोधनपत्रात, दुर्बळ जोडीदाराला व बालकांना हिंसेपासून वाचवण्यासाठी दूर होणे हे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असे लिहून ठेवले. ते दोन्ही पुढचे. कलम मात्र आधीचे, आणि आम्हाला तोंडपाठ होते. त्या वेळी ते आठवले नाही. आठवली ती ओवी, आणि तीही इंग्रजीच्या वाटेने आलेली.

राहून टिकणे कसे असते, याचे एक उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावी आपले कॅथलिक बांधव घरात पोर्तुगीज मुळाची एक बोली बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. चौल आणि कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून १७४० साली मराठ्यांकडे गेला. गोरे गेले, भिंती राहिल्या, आणि आता त्यांच्यावर झाडे उगवली आहेत. बोली मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे चुलीपाशी राहिली. तिचा अभ्यास करणाऱ्या क्लान्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद हळूहळू मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी सरकत गेले, असे तिचे रूप दिसते. लिस्बनचे व्याकरण कवटाळून ती ताठ उभी राहिली असती, तर किल्ल्याबरोबरच गेली असती.

आणखी एक गोष्ट लिहितो. एकशेछत्तिसाव्या स्तोत्रात परमेश्वराच्या दयेचे ध्रुपद सव्वीस वेळा येते. जुन्या इंग्रजी बायबलांत ती दया सव्वीस वेळा ‘एन्ड्युअर’ करते. हिब्रूत पाहावे तर त्या ध्रुपदात क्रियापदच नाही. त्याची दया, सर्वकाळ, एवढेच. पनवेलला बेने इस्रायल समाजाचे बेथ एल सिनेगॉग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उभे आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हा समाज कोकणात ‘शनिवार तेली’ म्हटला जाई. १९४८नंतर त्यातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, थोडी राहिली. त्यांच्या शब्बाथाच्या सकाळच्या प्रार्थनेत हे स्तोत्र आहे. देवाच्या दयेला सोसावे लागत नाही, टिकण्याची खटपटही करावी लागत नाही, ती असते. सोसण्याचे क्रियापद तिला आपण माणसांनी चिकटवले.

मुलगी पुढच्या आठवड्यात पत्रिका द्यायला आली तेव्हा आम्ही तिला हे सारे सांगितले. त्या बाईची गोष्ट वगळून. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे पळून जाणारेही टिकतात.” आम्ही होय म्हणालो. नवरा या वेळी हसला नाही. उलट त्याने मत्तयाच्या त्या दोन ओव्यांचे आकडे भ्रमणध्वनीत लिहून घेतले. पाठ तिने तोच घेतला. शास्त्रपाठातील शब्द बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही, प्रवचन मात्र आमचे असते. नोव्हेंबरात लग्न झाले. प्रवचन जरा लांबले, असे आजीने जेवणाच्या पंगतीत सर्वांदेखत सांगितले, आणि ते खरे होते.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या बाईचा पत्ता शोधून काढला आणि तिला दूरध्वनी केला. वांद्र्याला जे म्हणायचे राहून गेले होते ते प्रथम म्हणालो. आमची चूक झाली, आम्हाला क्षमा कर, असे. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग लेखाविषयी विचारले.

“लिहा,” ती म्हणाली. “गावाचे नाव नको, मुलांची नावे नकोत. आणि मी सोसले असे लिहू नका, फादर. चौथ्या वर्षी मी मुलांना घेऊन निघाले, असे लिहा.”